घरात आजारी कोणी नाही

फ्रीज दारात अडकला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, आणि पाहुणे अकराला यायचे होते.

"तिरका करा, तिरका," आतून तात्या सांगत होते. "सिद्धू, उंबऱ्याला पाय लाव अन् रेट की जरा. येवढं पोट सुटलंय तुजं, त्याचा काय उपयोग मग?"

तात्या म्हणजे आमचे शेजारी रावजी खोमणे. खुर्चीत बसले होते, नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं मशीन. एवढं बोलून त्यांना दम लागला. पण माझ्या पोटाचा विषय निघाला की दम लागला तरी ते बोलतात. फ्रीज माझा होता. त्यांची नि आमची भिंत एकच, तरी तेवढ्याशा वाटेत मी आणि माझी बायको रतन घामाघूम झालो होतो. शेवटी तात्यांच्या बायकोनं, द्वारकाकाकीनं, दाराची एक झडप बिजागरीतून उचलून बाजूला ठेवली, तेव्हा कुठं तो आत गेला.

आमच्या आळीची ही पद्धतच आहे. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की आळीतलं सगळं चांगलंचुंगलं त्या घरी गोळा होतं. सोनेरी काठाच्या कपबशांचा सेट एकच आहे, तो मुळात कुणाचा हे आता कुणालाच नीट सांगता येणार नाही. खुर्च्या एका घरच्या, गालिचा दुसऱ्या घरचा, फ्रीज माझा. येणाऱ्या पाहुण्यांनाही हे ठाऊक असतं, कारण त्यांच्या गावीही हेच चालतं. तरी सगळे कौतुकानं माना डोलावतात. यात काही फसवाफसवी आहे असं कधी कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

फरक एवढाच, की त्या दिवशी तात्यांच्या घरातून एक वस्तू बाहेरही काढायची होती. ते मशीन.

दिवाळीनंतर एक स्थळ येऊन गेलं होतं. मंडळी चांगली होती. पोहे खाल्ले, तात्यांच्या मुलीला, प्रगतीला, दोन-चार प्रश्न विचारले, आणि मग सगळ्यांची नजर तात्यांच्या नाकातल्या नळीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती. प्रगती सव्वीस वर्षांची, बारामतीला शिवणकामाला जाते, घरातला निम्मा खर्च तीच बघते. तिनं ते हसण्यावारी नेलं. तात्यांना मात्र ते नेता आलं नाही.

तात्यांनी बावीस वर्षं खडी क्रशरवर काढली. क्रशरच्या तोंडात दगड सोडायचं काम. तोंडाला उपरणं बांधायचे, काळजी म्हणाल तर तेवढीच. धूळ छातीत बसली ती बसली. मालकाच्या रजिस्टरात त्यांचं नाव कधीच नव्हतं, त्यामुळे भरपाई मागायची तरी कुणाकडं? पुण्याच्या एका दवाखान्यातून ओळखीपाळखीनं हे जुनं मशीन मिळालं, तेही फुकट. ते चालवायला लागणारी लाईट मात्र फुकट नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाचे सोळा तास लावा. काकी लावायची नऊ, फार तर दहा, तेही दिवसरात्र तुकड्यातुकड्यानं. लाईट बिल आलं की एखादा तास आणखी कमी व्हायचा. शंभर युनिटांच्या आतलं बिल गरिबाला कसंबसं झेपतं. यांचं दोनशेच्या पुढं जायचं, आणि शंभरच्या पुढचा दर चढा. घरात टीव्ही बंद, पंखा बंद, एक दिवा आणि ते मशीन. तरी दोन बिलं थकली होती. वायरमन ओळखीचा म्हणून कनेक्शन तोडायला आला नव्हता एवढंच.

मी सुप्याच्या रस्त्याला ई-सेवा केंद्र चालवतो. दाखले काढणं, अर्ज भरणं हाच माझा धंदा. तिथंच एका गिऱ्हाइकाकडून कळलं, की बारामतीतली एक संस्था घरात मशीनवरचा पेशंट असेल तर वर्षभर निम्मं लाईट बिल भरते. तात्यांचा अर्ज मीच भरला, एक पैसा न घेता, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला बराच गर्व होता. अटी दोन होत्या. घरात फ्रीज, कूलर असली चैनीची वस्तू नको. आणि संस्थेचा माणूस घरी येऊन मशीन आणि पेशंट दोन्ही डोळ्यांनी बघणार. मदत मिळाली की सोळा तास, असं काकीनं मनाशी धरलंच होतं. संपर्कासाठी नंबर मी माझा दिला, कारण तात्यांचा फोन कधी चार्ज असतो, कधी नसतो.

त्या रविवारी माझा फोन आमच्या देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला होता आणि मी फ्रीज रेटत होतो. त्यावर दोन फोन येऊन गेले.

मशीन आम्ही आमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. काकीनं तात्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मशीनशिवाय ते सलग दोन-अडीच तास काढू शकत, नुसते बसून राहिले आणि बोलले नाहीत तर.

"फकस्त मान हलवायची," काकीनं बजावलं. "लई बोलायचं न्हाय."

"मी काय नंदीबैल हाय का?"

"आजच्या दिस व्हा."

पाहुणे डाळजचे. मुलगा ऋषिराज लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला, शांत, मान खाली घालून बसणारा. वडील सावळाराम मोठ्या आवाजाचे, घरची पेरूची बाग, बोलण्यात पेरूच जास्त. आई कुशाबाई तोंडानं कमी बोलायच्या पण घराचा कोपरा न् कोपरा बघून घेत होत्या. माणसं वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. वाईट असती तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

कुशाबाईंनी पाणी मागितलं तेव्हा रतननं फ्रीज उघडून बाटली काढली आणि दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं. आत आमच्या घरचं कालचं वरण होतं.

"रावजीराव, तुमी लईच कमी बोलता बुवा," सावळाराम म्हणाले.

"पयल्यापासनं तसंच हायती," काकी घाईघाईनं म्हणाली.

क्रशरच्या खडखडाटात बावीस वर्षं ओरडून गप्पा मारलेला माणूस, आणि पहिल्यापासून कमी बोलणारा! मी पोह्यांच्या ताटलीत तोंड खुपसलं. तात्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली आणि माझ्याकडं बघून डोळा मारला.

प्रगती चहा घेऊन आली. तिचं लक्ष मुलाकडं नव्हतंच, ती तात्यांच्या छातीकडं बघत होती. नाव, शिक्षण, स्वयंपाक असे नेहमीचे प्रश्न झाले. मग ऋषिराजनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तुमाला काय इचारायचं आसंल तर इचारा की."

एवढ्यावर मुलगा मला आवडला. तिलाही आवडला असावा, कारण तिनं वर बघितलं. सावळारामांनी मांडीवर थाप मारली. "आमाला पोरगी पसंत हाय. आता तुमी तुमचं सांगा."

आणि दारात मोटारसायकल थांबली.

"रावजी खोमणे इथंच राहतात ना? सकाळपासून दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही." सूरज नाव त्याचं, असेल अठ्ठावीस-तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल. "लाईट बिलाच्या मदतीचा अर्ज होता ना तुमचा? तपासणीला आलोय."

मी ताडकन उठलो. "या की साहेब, आपण जरा बाहेरच..." पण तो बूट काढून आत आलासुद्धा. रविवारीसुद्धा काम करणारा प्रामाणिक माणूस. असे कधी भेटत नाहीत, आणि भेटले ते त्या दिवशी.

"पेशंट कोण? आणि मशीन कुठंय?"

फ्रीज तेवढा गुरगुरत होता.

"पेशंट?" सावळाराम म्हणाले. "कोन आजारी हाय हितं?"

काकीनं पदर तोंडाला लावला. प्रगती ट्रे खाली ठेवून उभी राहिली. ती खरं सांगणार हे मला तिच्या तोंडावर दिसलं, आणि तात्यांनाही दिसलं. खुर्चीच्या हाताचा आधार न घेता ते उभे राहिले.

"घरात आजारी कोनी न्हाय," ते म्हणाले, अगदी खणखणीत आवाजात. "कायतरी चूक झालीया. अर्ज माघारी घ्या."

सूरजनं हातातला कागद बघितला, तात्यांकडं बघितलं, मग फ्रीजकडं. "मग तसं लिहून द्या. नाहीतर मला वर उत्तर द्यावं लागतं."

तात्यांनी कागद फ्रीजच्या दाराला टेकवला आणि उभ्यानंच लिहिलं. सातवी झालेले, अक्षर गोल आणि सुंदर. घरात आजारी कोणी नाही. मदत नको. खाली पूर्ण नावानं सही केली.

"फ्रीज तुमचाच?"

"आमचाच की," काकी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती ती?

"घरातल्या वस्तूंचा फोटो लागतो. जरा शेजारी उभे राहता का?"

"काढा, काढा," सावळाराम खूश होऊन म्हणाले, "आमच्या व्याह्याचा फोटो झकास आला पायजे!"

व्याही म्हटल्याबरोबर घरातला सगळा ताण गेला. कुशाबाई हसल्या, रतन साखर आणायला धावली. फोटोसाठी तात्याही हसले. त्यांचे ओठ निळसर व्हायला लागले होते, पण ते कुठं बघायचं हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं.

मी सूरजला आळीच्या तोंडाशी गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यानं गाडी बंद केली.

"अहो, मग आत का नाही बोललात?"

"पाहुणे बसले होते ना."

तो काही आभाळातून पडलेला नव्हता, त्याच्याही घरी बहिणी असतील. त्याला कळलं. त्यानं फाईल पुन्हा उघडून बघितली. "महिनाअखेरीच्या आत त्यांना ऑफिसला घेऊन या. पुन्हा तपासणी लावता येते. पण एक आधीच सांगतो. मदत मिळालेल्या पेशंटचा मशीनसकट फोटो देणगीदारांच्या ग्रुपवर जातो, नावगावासह. भिगवण, इंदापूर, सगळीकडची माणसं आहेत त्यात. तो टाळता येत नाही. पैसे देणाऱ्यांना बघायचं असतं."

आमच्याकडं भिगवणपासून सुप्यापर्यंत सगळे एकमेकांचे पाहुणेच. सावळारामांच्या फोनवर तो फोटो तासाभरात पोचला असता.

पाहुणे अडीचपर्यंत बसले. जेवणाचा आग्रह आपणच केला होता, उठा कसं म्हणणार? ते गेले आणि तात्या गालिच्यावर कुशीला आडवे झाले. मी मशीन उचलून पळत आणलं. तोंडावर रंग यायला पाऊण तास लागला.

"मी आत्ताच्या आत्ता फोन लावते त्यास्नी," प्रगती म्हणाली. ती रडत होती आणि चिडलीही होती. "खरं काय ते सांगते. न्हाय करायचं मला लगीन."

तात्यांनी हात वर केला. बोलायला त्यांना वेळ लागणार होता, म्हणून आम्ही सगळे थांबून राहिलो.

"सांग," ते म्हणाले. मग श्वास. "अन् बस हितंच." मग पुन्हा श्वास. "तू माज्यापायी घरात बसलीस तर... सोळा तास मशीन लावून बी मला दम लागंल."

मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला होता. सूरजचा, सावळारामांच्या पेरूंचा, माझ्या फोनचा, माझ्या फ्रीजचा तर सगळ्यात जास्त. पण एकेकाला समोर उभं करून बघितलं तर कुणाचंच काही चुकलं नव्हतं. चूक असलीच तर नंबर देणाऱ्याची, म्हणजे माझी. फ्रीज मी त्याच संध्याकाळी परत आणला, तरी काही दिवस त्यातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा मी पुन्हा विषय काढला. "तात्या, जाऊया का? फोटोला तोंडावर रुमाल बांधू. कोन वळखतंय?"

"क्रशरवर बांधलाच हुता की," ते म्हणाले. "काय उपयोग झाला?"

महिना संपला. मदत मिळालेल्यांची यादी लागली. काकीनं मशीन आठ तासांवर आणलं.

लग्न मे महिन्यात झालं. तात्यांसाठी ऑक्सिजनचा एक सिलिंडर भाड्यानं आणून मी मांडवामागं माझ्या गाडीत ठेवला होता. तासातासाला तात्या उठायचे, "आचाऱ्याकडं बघून येतो," म्हणायचे आणि गाडीत येऊन दहा मिनिटं नळी लावायचे. कन्यादानाला ताठ बसले. सावळाराम सगळ्यांना सांगत होते, की व्याही स्वयंपाकावर जातीनं लक्ष ठेवून आहेत.

आठवड्यानं मी त्यांना बारामतीला संस्थेच्या ऑफिसात घेऊन गेलो. आता मुलगी उजवली होती, फोटो गेला तर जाऊ दे, कुणी विचारलं तर दुखणं आत्ताच उपटलं म्हणू, असं मी ठरवलं होतं. टेबलामागच्या बाईंनी आधी तात्यांना पाणी दिलं, मग फाईल काढली. कागद माझ्या ओळखीचा होता.

"यंदाची यादी तर झालीच. आणि ज्यांनी स्वतः माघार घेतलीय त्यांचा अर्ज पुढच्या वर्षीही चालत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी करा." बाईंचा आवाज मऊ होता. "ही सही तुमचीच ना?"

"व्हय. माजीच हाय."

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. त्यांच्या नाकाखाली नळीचे वळ होते. "कुणी दबाव टाकला होता का? पाहुण्यांनी, कुणी? तसं असेल तर लिहून द्या, मी वर बोलून बघते. पण मग चौकशीचा फोन त्यांना जाईल."

मी टेबलाखालून तात्यांचा पाय दाबला. एक ओळ लिहायची होती. सोळा तासांची लाईट त्या एका ओळीवर होती.

"न्हाय बाई," तात्या म्हणाले. "राजीखुशीनं लिवलंय."

जिना उतरताना ते चार वेळा थांबले. चौथ्या वेळी माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणाले, "तुला बी दम लागतोय की रं." मी हसलो नाही.

आता पावसाळा आला. मशीन सात तासांवर आहे. मी माझ्या मीटरवरून वायर ओढून देतो म्हटलं, तर काकीनं हात जोडले. वायरमनला कळलं तर दोन्ही घरांचं तोडेल, म्हणाली. तिचं बरोबर होतं.

प्रगतीचा फोन रोज दुपारी चारला येतो. डाळजला त्यांच्या घरी फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांनी मिळून बोलायची सवय आहे. मशीनची घरघर तिकडं ऐकू जाईल म्हणून रिंग वाजली की काकी आधी मशीन बंद करते, नळी काढते, आणि मग फोन तात्यांच्या हातात देते. तात्या ताठ बसतात.

"तात्या, जेवलासा का?"

"व्हय. झकास."

"व्याही," मागून सावळारामांचा आवाज, "बाग बघायला कवा येताय?"

"येतो की."

आणि दोन मिनिटं झाली की प्रगती म्हणते, "ठेवते तात्या, दूध उतू चाललंय."

काकीला याचं फार लागतं. परवा मी तिथंच बसलो होतो. फोन बंद झाल्यावर ती पदरानं तो पुसत म्हणाली, "लगीन झालं अन् पोर परकी झाली. दोन शबुद बोलली की हिचं दूध उतू जातं. रोज चारलाच कसं जातं?"

तात्यांनी डोळे मिटले होते. छाती वरखाली होत होती. बोलू नका, असं मी हातानं खुणावलं, पण त्यांना बोलायचं होतं.

"दूध न्हाय उतू जात," ते म्हणाले. "माजा दम... किती पुरतो... तिला ठावं हाय."

काकी मशीनच्या बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग तिनं ते दाबलं आणि नळी त्यांच्या नाकात नीट बसवली, शर्टाची कॉलर सारखी केली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मशीनची दुपारची वेळ पाचपर्यंतच असते.

"आज ऱ्हाऊ द्या सहापातुर चालू," ती म्हणाली. "बिलाचं बघू."